मडगार्डचे साडेसहा हजार

गोवा महाग आहे असं म्हणणारे बहुतेक लोक तिथे टॅक्सीने फिरून आलेले असतात. सीएसएमटीहून रात्रीची कोकणकन्या धरायची, स्लीपरचं तिकीट पाचशेच्या आत, सकाळी थिवीला उतरायचं. तिथून म्हापसा आणि म्हापशाच्या स्टँडवरून शिवोली-चोपडेमार्गे हरमलची बस. मी आणि माझा मावसभाऊ पाठीवर एकेक सॅक टाकून असेच गेलो. नाताळ ते एक तारीख हा आठवडा मुद्दाम टाळला होता, कारण त्या दिवसांत डॉर्ममधल्या बेडलाही हॉटेलच्या खोलीचा भाव येतो. जानेवारीच्या शेवटी तोच बेड आम्हाला पाचशेत मिळाला. सकाळी पातळभाजी आणि पाव, वर एखादं मिरची भजं. दुपारी किनाऱ्याला पाठ करून दोन गल्ल्या आत जायचं. किनाऱ्यावरच्या शॅकमध्ये ज्या हुमण-भाताला, म्हणजे माशाची आमटी आणि भाताला, चारशे मोजावे लागतात, तोच आत रस्त्यावरच्या खाणावळीत दीड-दोनशेत मिळतो, आणि वाढणारी मावशी आमटी परत विचारते.

अडचण एकच. अंधार पडला की बस कमी होत जातात, आणि केरी, मांद्रे, मोरजी असं मनाला येईल तसं फिरायचं तर स्कूटर लागतेच. आम्हाला लुटलं ते इथे. त्या माणसाची पद्धत इतकी सराईत होती की आमच्यानंतरही अनेकजण सापडले असणार, म्हणून सगळं तपशीलवार लिहितेय.

दुकान असं नव्हतंच. एका किराणा दुकानाच्या बाजूला पत्र्याची शेड, त्यात चार-पाच स्कूटर आणि ड्रॉवरचं एक टेबल. माणूस तिशीतला, मराठी अगदी गोड. "ताई, मुंबईकडचे ना? मग आपलीच माणसं." बाकी सगळीकडे साडेचारशे सांगत होते, याने दिवसाला साडेतीनशे सांगितले. गाडीची नंबरप्लेट पांढरी होती. भावाने विचारलं तर म्हणाला, "दादा, काळी पाटी दिसली की पोलीस पर्यटक म्हणून बाजूला घेतात. पांढरी असली की गाववाला समजून सोडतात. तुमच्या सोयीचंच आहे." अनामत दोन हजार, तीही रोख, कारण जीपे 'आज चालत नव्हतं'. शिवाय भावाचं अस्सल लायसन्स त्याच्या ड्रॉवरमध्ये. पावती मागितली तर हसला. "पावती कशाला? मी कुठे पळून जातोय?"

आणि मग, गाडीची किल्ली हातात देता देता, अगदी आपुलकीने: "परतीचं कसं काय? गाडी कधीची?"

शनिवारची कोकणकन्या, पेडण्याहून, असं आम्ही सांगितलं. "मग चारपर्यंत आणून द्या. मीच सोडतो की तुम्हाला स्टेशनवर." या प्रश्नाकडे नीट लक्ष द्या. पुढचा सगळा खेळ याच उत्तरावर उभा होता.

गाडी दिली ती दिवेलागणीला. शेडमध्ये एक पिवळा बल्ब. भावाने मोबाइलच्या उजेडात गाडीभोवती चक्कर मारली, डाव्या बाजूचा ओरखडा दाखवला. तो लगेच म्हणाला, "हो हो, तो जुनाच आहे, काही टेन्शन नाही." दिसणारा ओरखडा असा मोठ्या मनाने कबूल केला की न दिसणाऱ्याबद्दल कोण विचारतंय! टाकीत पेट्रोल जेमतेम पंपापर्यंत पोचेल एवढं. ते तर तिकडे सगळेच करतात, त्याचं काही नाही.

मधले दिवस मस्त गेले. केरीहून फेरीबोटीने पलीकडे तेरेखोलला गेलो, दुचाकीला पैसेही पडले नाहीत. पलीकडचा किल्ला छोटासाच, आत चर्च आणि आता हॉटेल. पण 1954 साली सत्याग्रहींनी याच किल्ल्यावर तिरंगा लावला होता, हे आठवलं की तटावर थोडा जास्त वेळ रेंगाळावंसं वाटतं. असो.

शनिवारी चारला शेडवर हजर. कुलूप. फोन केला तर "आलोच दहा मिनिटांत." पुन्हा फोन, पुन्हा दहा मिनिटं. शेवटी साडेपाच वाजून गेल्यावर आला आणि येताना सोबत अजून एकाला घेऊन आला. या दुसऱ्याने ना हॅलो ना काही. गाडीकडे एकंदर पाहिलंही नाही. सरळ पुढच्या चाकापाशी उकिडवा बसला, मडगार्डची खालची कड चिमटीत धरली आणि नखाने ओढली. टक्‌ आवाज झाला आणि बोटभर लांबीची चीर उघडली.

मीही खाली वाकून पाहिलं. चिरेच्या दोन्ही कडांना वाळलेला गोंद होता, पिवळट पडलेला, फेव्हिक्विकचा पडतो तसा. आणि त्या गोंदात तांबडी धूळ रुतून बसलेली. वरवर बसलेली नव्हे, आत. नखाने खरवडली तरी निघेना. भाऊ म्हणाला, "दादा, हे आधी चिकटवलेलं आहे. गोंद बघा किती जुना आहे." त्याच्याकडे उत्तर तयार होतं. "म्हणजे तुम्ही कुठेतरी पडलात, चिकटवलंत, आणि आता गुपचूप परत देताय."

मडगार्ड शोरूममधून मागवावं लागेल, रंगासकट साडेसहा हजार. गाडी उभी राहील त्या दिवसांचं भाडं वेगळं. डोंबिवलीला आल्यावर आमच्या मेकॅनिकला विचारलं, त्याने नवं मडगार्ड बसवून हजार-बाराशे सांगितले.

आम्ही भांडलो, नाही असं नाही. मी म्हटलं पोलिसांत जाऊ. "जाऊ की ताई, चला. जबाब-बिबाब सगळं व्हायला रात्रीचे दहा वाजतील. तुमची ट्रेन आहे ना पण?" बोलताना तो ड्रॉवरवर बोटांनी ताल धरून होता. लायसन्स आत. साडेसहाचे पाच झाले, आणि मग एकदम प्रेमाने, "आपली माणसं म्हणून चार हजार. अनामत दोन धरली, वर फक्त दोन द्या." स्टेशनवर सोडण्याचं नाव नाही. शेवटी दोन हजार देऊन लायसन्स सोडवलं आणि नऊशे रुपये टॅक्सीला मोजून पेडणं गाठलं. सॅक उचलताना शेजारच्या किराणा दुकानातली बाई हळूच म्हणाली, "सदांचेंच हें." म्हणजे तिला रोज दिसतंय.

ट्रेनमध्ये बसल्यावर भावाने मोबाइलमधले फोटो चाळले. दुसऱ्या दिवशी सकाळी फेरीबोटीवर काढलेल्या फोटोत ती चीर स्पष्ट दिसते. पण त्याचा उपयोग शून्य, कारण तोवर गाडी रात्रभर आमच्याच ताब्यात होती. तरी पाठवला त्याला. निळ्या खुणा आल्या आणि लगेच नंबर ब्लॉक. मग नकाशावर ती शेड शोधली. नाव वेगळंच, फोटो तोच. पाच तारेवाल्या गोडगोड अभिप्रायांच्या खाली एकाचा आरसा, दुसऱ्याचं सायलेन्सरचं कव्हर, तिसऱ्याचं मडगार्ड. अभिप्राय वाचताना सर्वांत कमी तारे असलेले आधी वाचा, हे मी आता प्रत्येकाला सांगते.

आता त्या पांढऱ्या पाटीबद्दल, कारण खरी मेख तिथे आहे. दुचाकी भाड्याने देण्यासाठी केंद्र सरकारची 1997 ची योजना आहे, त्याखाली परवाना घ्यावा लागतो आणि अशा गाडीची नंबरप्लेट काळी, त्यावर पिवळे आकडे. पांढरी पाटी आणि काळे आकडे म्हणजे खाजगी गाडी, ती भाड्याने देणं बेकायदा. पोलिसांनी अडवलं तर खोळंबा तुमचा होतो. अपघात झाला तर आणखी वाईट, खाजगी वापराच्या विम्यात भाड्याचा वापर बसत नाही आणि कंपनी हात वर करू शकते. पन्नास-शंभर रुपये वाचवून हा धोका घेण्यासारखा नाही.

पण याची दुसरी बाजू फार कमी लोकांच्या लक्षात येते. पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने देणारा माणूस 'चला पोलिसांत' म्हणतो तेव्हा तो तुमच्या ट्रेनच्या भरवशावर बोलत असतो. पोलीस आले तर पहिला प्रश्न त्याच्या परवान्याचा निघेल. म्हणून असा प्रसंग आलाच, तर वाद घालत बसू नका. गाडीच्या नंबरप्लेटचा आणि शेडचा फोटो काढा आणि त्याच्यासमोरच 112 लावा. आमच्या हॉस्टेलमध्ये एका नाशिकच्या मुलाने दुसऱ्या एका दुकानदाराबरोबर हेच केलं होतं. फोन लागेपर्यंत त्याची अनामत हातात पडली. अर्थात त्याची परतीची गाडी दुसऱ्या दिवशीची होती, हेही खरं.

परतीची वेळ कुणी विचारली तर खुशाल एक दिवस पुढची सांगा. गाडी शक्यतो आदल्या संध्याकाळी देऊन टाका, शेवटच्या दिवशी बसने फिरा. आणि अस्सल लायसन्स कुणाच्या ड्रॉवरमध्ये जाऊ देऊ नका. डिजीलॉकर किंवा एमपरिवहन या सरकारी ॲपमधलं लायसन्स वाहतूक पोलीस चालवून घेतात, तर या शेडवाल्याला का चालू नये? अडून बसला तर पुढच्या दुकानात जा, हरमलच्या रस्त्यावर दर पन्नास पावलांवर एक आहे. व्हिडिओ काढायचा तो मालकाला त्यात घेऊन, तारीख बोलून, आणि दिवसाउजेडी. मडगार्डची खालची कड, फूटबोर्डच्या खालचं प्लॅस्टिक, आरशांचे दांडे, सायलेन्सरचं कव्हर, हे सगळं हाताने हलवून बघायचं. चिकटवलेलं प्लॅस्टिक डोळ्याला कळत नाही, बोटाला लगेच कळतं. पैसे यूपीआयनेच द्या म्हणजे निदान नाव आणि रक्कम तरी मागे राहते. रोखच हवी म्हणणाऱ्याला काय हवं असतं ते उघड आहे.

गेल्या हिवाळ्यात आम्ही काणकोणला पुन्हा स्कूटर घेतली. काळी पाटी, दिवसाला साडेचारशे. मालक वयस्क होता, बोलायला तुसडा, 'आपली माणसं' वगैरे काही नाही. गाडीची डावी बाजू तर पार सोलवटलेली. पण त्याने स्वतःच मोबाइल काढून चारी बाजूंनी फोटो घेतले, आम्हाला व्हॉट्सॲपवर पाठवले, आणि हेल्मेट विसरू नका म्हणून दरडावलं. परत देताना त्याने गाडीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. टाकीत पेट्रोल किती आहे तेवढं विचारलं आणि अनामत तिथल्या तिथे जीपे केली.