रूफिन्याक गुहा: मॅमथ बघायचे तर इथेच

फ्रान्सच्या दोर्दोन्य भागात लास्को ही आदिमानवाच्या चित्रांची प्रसिद्ध गुहा बघायला जाणाऱ्यांनी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी: तिथे दाखवतात ती प्रतिकृती, मूळ गुहा 1963 पासून बंद आहे. त्याच भागातली रूफिन्याकची चित्रगुहा मात्र अस्सल. विजेच्या छोट्या गाडीत बसून तासाभराची फेरी होते.

वाटेत जमिनीतले गोल खड्डे दिसतात. ती गुहा-अस्वलांची (आता नामशेष झालेल्या अस्वलांची) हिवाळी झोपेची जागा. भिंतीवर त्यांच्या नखांचे ओरखडेही आहेत. मॅमथची, म्हणजे नामशेष झालेल्या केसाळ हत्तींची, चित्रे शंभराहून जास्त. काही बोटांनी मऊ भिंतीत ओढलेली, काही मँगनीज या खनिजाच्या काळ्या रंगातली. या रंगात कार्बन नसल्याने थेट कालमापन होत नाही. शैलीवरून साधारण 13,000 वर्षे धरतात. मॅमथच्या शेपटीखाली थंडी अडवायला असलेली कातडीची झडपसुद्धा काढली आहे. सायबेरियात गोठलेल्या मॅमथांतही ती सापडली, म्हणजे चित्रकाराची नजर किती बारीक बघा!

गुहेतल्या चित्रांनी भरलेल्या मोठ्या छताखाली आज आरामात उभे राहता येते, कारण जमीन नंतर खणली. मूळ चित्रकार आडवे पडून काढत होते. छतावर जुन्या पर्यटकांनी काजळीने लिहिलेली नावे मात्र डोळ्यांत खुपतात. (ही खोड आपल्याकडचीच नाही तर!)

आत 13 अंश, स्वेटर हवाच. फोटोला बंदी. हिवाळ्यात गुहा बंद असते.