परचेसवाल्याने काढलेलं मॉडेल: आठ महिने डीएमएन-बीपीएमएन वापरून

आधीच सांगतो, मी कोडिंगवाला नाही. भोसरीत एका ऑटो पार्ट्सच्या कंपनीत परचेस बघतो, पीओ (खरेदीची ऑर्डर), जीआरएन (माल आल्याची नोंद), बिल पासिंग आणि दिवसभर व्हेंडरचे फोन. आमच्या आयटीने एक ओपन सोर्स इंजिन, म्हणजे मांडलेले नियम वाचून कामं पुढे सरकवणारं सॉफ्टवेअर, बसवलं आणि म्हणाले नियम आता तुम्हीच मांडा, तुम्ही काढाल तेच सिस्टीम चालवेल. मला वाटलं झालं, आयटीचं काम पण आमच्याच गळ्यात.

आठ महिन्यांनंतर माझं मत: कोष्टकं जमली, बाण नाही जमले.

कोष्टक म्हणजे डीएमएन, निर्णयाचे नियम मांडायचं, ओएमजी या स्टँडर्ड ठरवणाऱ्या संस्थेचं २०१५ चं स्टँडर्ड. दिसायला एक्सेलच, डावीकडे अटी, उजवीकडे उत्तर, एक ओळ म्हणजे एक नियम, फक्त हे छापून फाईलला लावायचं नाही, इंजिन हेच वाचून निर्णय देतं. पहिलं केलं एमएसएमई पेमेंटचं. २०२३-२४ पासून इन्कम टॅक्सचं ४३बी(एच) कलम लागू झालं ना, मायक्रो आणि स्मॉल व्हेंडरला लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे, करार नसेल तर १५ दिवसांत, नाहीतर तो खर्च ज्या वर्षी पैसे देऊ त्याच वर्षी धरायला मिळतो. मीडियम यात नाही, नुसता ट्रेडरही नाही. सगळं सहा ओळींत बसलं. पण त्या सहा ओळींसाठी मी, अकाउंट्सच्या मॅडम आणि स्टोअरवाले तीन दुपारी भांडलो, कारण दिवस मोजायचे कुठून? मी बिलाच्या तारखेपासून मोजायचो, मॅडम बिल त्यांच्या टेबलावर आल्यापासून, स्टोअरवाले माल स्वीकारल्यापासून, आणि कायद्यात स्वीकारल्यापासूनच आहे. इतकी वर्षं तिघं तीन तारखा धरून चाललो होतो आणि कुणाला पत्ता नाही! या एका भांडणासाठी सुद्धा मी हे टूल परत घेईन.

चुका माझ्याही झाल्या. कोष्टकाच्या कोपऱ्यात एक अक्षर असतं, यू ठेवलं तर एका वेळी एकच ओळ लागू व्हायला हवी. मी खर्चाच्या मंजुरीत एका ओळीत ५०,००० किंवा कमी आणि खालच्या ओळीत ५०,००० किंवा जास्त लिहिलं. आमच्याकडे लोक वरची सही टाळायला ४९,९०० च्या पीओ करतात त्यामुळे दोन महिने काही झालं नाही, मग एकाने प्रामाणिकपणे बरोबर ५०,००० ची टाकली आणि तिथेच अडकली. यूच्या जागी एफ केलं की पहिली जुळलेली ओळ घेतं आणि गाडी सुटते, पण घोळ तसाच झाकून राहतो, म्हणून ओळच दुरुस्त केली. अटी लिहायची भाषा फील, त्यातल्या एफ-ईचा अर्थ ‘फ्रेंडली इनफ’. पुरेशी फ्रेंडली. नाव ठेवणाऱ्यालाच अंदाज असावा.

आता बाण, म्हणजे बीपीएमएन २.०, काम कुणाकडून कुणाकडे जातं ते चौकोन-बाणांनी काढायचं स्टँडर्ड, हे २०११ चं. चित्र काढायला अर्धा तास, चालवायला आयटीचा मुलगा शेजारी लागतोच. मंजुरी दोन दिवसांत नाही आली तर साहेबांकडे जावी म्हणून मी टायमर लावला, पी२डी, म्हणजे दोन दिवस. तो सरळ ४८ तास मोजतो, त्याला आमची गुरुवारची सुट्टी काय माहीत! बुधवारी संध्याकाळी टाकलेल्या रिक्वेस्टची शुक्रवारी साहेबांकडे तक्रार. शिवाय चित्रात टायमरच्या गोलाची कड अखंड काढली होती, त्यामुळे मॅनेजरच्या यादीतून ते कामच गायब, तुटक कड काढली असती तर काम राहून नुसती आठवण गेली असती. चित्रात हा फरक चष्मा लावून शोधावा लागतो. आणि दुरुस्त करून नवीन व्हर्जन चढवलं तरी आधी सुरू झालेल्या रिक्वेस्ट जुन्याच चित्रावर धावत राहिल्या, ते निस्तरायला आठवडा गेला.

सध्या कोष्टकं मीच बदलतो, आणि चढवण्याआधी मागच्या वर्षीची चाळीस बिलं त्यातून काढून बघतो. बाणांना हात लावत नाही. स्टोअरवाल्यांनी त्यांची वही अजून बंद केलेली नाही, विचारलं तर म्हणतात राहू दे, लाईट गेली की तुम्हीच मागायला येता.