निर्माल्याचं खत की कापडी पिशव्या?

गणपतीच्या दहा दिवसांत कॉलनीतल्या मुलांच्या हाती काय द्यावं, हा प्रश्न इंदूरच्या मराठी घरांत पडतोच.

खर्च दोन्हींत जवळपास नाही. खताला २० लिटरची जुनी बादली, तळाला नि बाजूंना भोकं. पिशव्यांना जुनी चादर: १५०×२२५ सेंमीच्या चादरीत ४०×४५च्या सहा निघतात, बंदही त्यातच.

मेहनत मात्र वेगळी. निर्माल्यात खरी गंमत निवडण्याची: हारातला दोरा, जरीचे धागे, थर्मोकोलचे मणी. पाच वर्षांचं पोरही रमतं. टाचण्या तेवढ्या मोठ्यांनी काढाव्यात. फुलांच्या दुप्पट सुका पाला घाला, दर चार दिवसांनी वरखाली करा. आंबूस वास आला की ओल जास्त झाली, पाला वाढवा. भाद्रपदातल्या पावसात हे हमखास होतं, म्हणून बादली आडोशाला ठेवा. खताला दोनेक महिने लागतात.

पिशवी दुपारभरात होते, पण सुई-कात्रीमुळे दहाच्या पुढचीच मुलं घ्या. बंद पाच सेंमी आत घेऊन चौकोन आणि त्यात फुली शिवा, नाहीतर पिशवी तिथेच उसवते.

लहानगी जास्त आणि कुंड्या भरपूर, तर निर्माल्य. थोरली मुलं, घरात शिवणयंत्र आणि हाताशी एकच रविवार, तर पिशव्या.