पाण्यात पडल्याची खबर देणारा मनगटी टॅग: मुंबई बंदरातील एका हंगामाचा अनुभव

शिडाच्या नौकेवरून कोणी पाण्यात पडते ते बहुधा इतरांची पाठ वळलेली असताना. एकजण सुकाणूवर असतो, दुसरा खाली चहा करीत असतो, तिसरा पुढे शीड आवरायला गेलेला असतो आणि तोच पडतो. पाच नॉटच्या साध्या वेगानेही नौका मिनिटाला दीडशे मीटर पुढे जाते, आणि एवढ्या अंतरावरून लाटांतले माणसाचे डोके तरंगत्या नारळासारखे दिसते, तेही दिसले तर. कोणी पडले आहे हे त्याच क्षणी कळावे, एवढ्या एकाच कामासाठी मी ऑक्टोबरमध्ये ब्लूटूथवर चालणारे दोन मनगटी टॅग घेतले आणि पावसाळ्यापूर्वी नौका किनाऱ्यावर चढवेपर्यंत ते वापरले. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे जे गुणदोष सांगणार आहे ते त्या कंपनीचे कमी आणि या तत्त्वाचे अधिक आहेत.

तत्त्व सोपे आहे. टॅग मोबाइलला सतत आपली हजेरी देत राहतो. ब्लूटूथच्या २.४ गिगाहर्ट्झ लहरी खाऱ्या पाण्यातून जवळजवळ जातच नाहीत, त्यामुळे मनगट पाण्याखाली गेले की हजेरी थांबते. हात वर राहिला तरी नौका पुढे गेल्यावर थांबतेच. काही सेकंद हजेरी आली नाही तर मोबाइल मोठ्याने वाजू लागतो, त्या क्षणाचे जीपीएस स्थान आणि वेळ नोंदवतो आणि तेथे परत जाण्याची दिशा व अंतर दाखवतो.

जानेवारीतल्या एका रविवारी, मांडव्याच्या वाटेवर, वीस लिटरचा प्लास्टिकचा कॅन पाऊण भरून त्याला टॅग बांधला आणि सुकाणूवरच्या माणसाला न सांगता मागून पाण्यात सोडला. मोबाइल नऊ सेकंदांत वाजला. तोवर आम्ही वीस-पंचवीस मीटर पुढे आलो होतो आणि पांढरा कॅन अजून स्पष्ट दिसत होता. टॅगची सारी किंमत मला त्या नऊ सेकंदांत वसूल झाल्यासारखी वाटली, कारण तो नसता तर मागे वळून पाहण्याचे कोणालाच कारण नव्हते.

पुढचा भाग मात्र वेगळा निघाला. शीड सांभाळून नौका वळवणे, वाऱ्याचा अंदाज घेणे आणि परत येणे यात सहा मिनिटे गेली. पडद्यावरच्या ठिपक्यावर आम्ही अचूक पोहोचलो आणि तेथे काहीच नव्हते. आमच्या नौकेवरचे जुने खलाशी थळचे आहेत. ते शांतपणे म्हणाले, “ओहोटी लागलीय. ठिपक्यावर काय बघताय, खाली बघा.” खाली म्हणजे प्रवाह जातो त्या दिशेला. कॅन दक्षिणेला सुमारे दीडशे मीटरवर होता. अ‍ॅपमधला ठिपका समुद्राच्या तळाला खिळलेला असतो आणि माणूस पाण्याबरोबर वाहतो, ही गोष्ट मला वाचून ठाऊक होती, पण त्या रिकाम्या पाण्याकडे पाहताना ती खऱ्या अर्थाने कळली. उधाणाच्या दिवसांत प्रवाह दोन नॉटचा असेल तर पाच मिनिटांत माणूस तीनशे मीटर दूर जातो. म्हणून नोंदलेल्या स्थानाइतकीच नोंदलेली वेळ महत्त्वाची आहे, आणि ज्या अ‍ॅपमध्ये ती वेळ मोठ्या अक्षरांत दिसत नाही ते अ‍ॅप मी घेणार नाही.

दुसरी अडचण मोबाइलचीच आहे. बॅटरी वाचवण्याच्या नावाखाली बरेच अँड्रॉइड फोन पडद्यामागे चालणारे अ‍ॅप गुपचूप बंद करतात; सेटिंगमध्ये जाऊन टॅगच्या अ‍ॅपला त्यातून सूट द्यावीच लागते. ओल्या, खारट बोटांना पडदा दाद देत नाही. उन्हात ठेवलेला फोन तापून बंद पडतो आणि खाली ठेवला तर फडफडत्या शिडात त्याचा आवाज वर ऐकू येत नाही. शिवाय ज्या फोनवर दिशा दिसत आहे त्याच फोनवरून तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक लावायचा म्हटले तर पडदा सोडावा लागतो. त्यासाठी दुसरा फोन हवा आणि किनाऱ्यापासून दूर जाणाऱ्यांकडे चॅनल १६ वर, म्हणजे संकटाच्या हाकेसाठीच्या वाहिनीवर, बोलता येईल असा व्हीएचएफ रेडिओ संच हवाच. खोटे इशारेही झाले: नाळेकडे, म्हणजे नौकेच्या पुढच्या टोकाकडे, शीड उतरवताना माणसाचे अंग टॅग आणि फोन यांच्यामध्ये आले की कधी कधी भोंगा वाजे. तिसऱ्या वेळी एका मित्राने वैतागून अ‍ॅपच बंद केले होते, आणि मला खरी भीती याचीच वाटते.

ज्यांना खुल्या समुद्रात, रात्री किंवा लांब पल्ल्याला जायचे आहे त्यांनी लाइफ जॅकेटमध्ये बसणारा एआयएस बीकन घ्यावा. एआयएस म्हणजे जहाजे आपली ओळख आणि स्थान रेडिओवरून एकमेकांना आपोआप कळवतात ती यंत्रणा. तो कितीतरी महाग आहे, पण त्यात स्वतःचा जीपीएस असल्याने तो वाहत्या माणसाचे बदलते स्थान सतत कळवत राहतो, आणि ९७२ ने सुरू होणारा त्याचा क्रमांक काही मैलांच्या टापूतल्या एआयएस असलेल्या जहाजांनाही दिसतो. मुंबईसारख्या गजबजलेल्या बंदरात ही मोठी जमेची बाजू आहे. २०१४ मध्ये शिडाच्या नौकांच्या क्लिपर जागतिक शर्यतीत प्रशांत महासागरात पडलेला एक खलाशी दीड तासाहून अधिक काळाने जिवंत सापडला, तेव्हा त्याच्या अंगावरच्या अशाच बीकनची मदत झाली होती.

बंदरातल्या दिवसाच्या फेऱ्यांसाठी, आणि विशेषतः नवरा-बायको दोघेच नौका चालवतात तेथे, मी हा टॅग निःसंकोच सुचवीन. माणसाला नौकेशी बांधून ठेवणारी हार्नेसची दोरी आणि लाइफ जॅकेट यांच्या जागी तो मुळीच नको. आम्ही आता मुअरिंग (नौका बांधून ठेवण्याची जागा) सोडण्यापूर्वी समुद्राच्या पाण्याने बादली भरतो, प्रत्येकजण टॅग बांधलेला हात त्यात कोपरापर्यंत बुडवतो, आणि सुकाणूजवळचा फोन वाजल्याशिवाय दोर सोडत नाही.