ठाण्यात करून घेतलेली शिसवी सिगारपेटी: वर्षभराच्या वापरानंतरचा अभिप्राय

सिगारसाठी लाकडी पेटी करून घेताना बहुतेक ग्राहक झाकणावरील लाकडाच्या रेषा आणि पॉलिशची चमक पाहतात. परंतु अशी पेटी चांगली की वाईट, हे झाकण लावल्यानंतर तिच्या आत काय घडते यावर ठरते. ठाण्याच्या वागळे इस्टेटमधील एका लहानशा गाळ्यात फर्निचरच्या कामाला जोडून, केवळ मागणीनुसार, अशा पेट्या हाताने घडवून देणारे एक मिस्त्री आहेत. त्यांच्याकडून करून घेतलेली पेटी गेल्या दिवाळीच्या आधी माझ्या हाती आली. थंडी, उन्हाळा आणि पावसाळा हे तिन्ही ऋतू तिने काढल्यानंतरच तिच्याविषयी लिहिणे मला योग्य वाटले, कारण ठाण्याच्या हवेत लाकडी वस्तूची खरी परीक्षा पावसाळाच घेतो.

सिगार 65 ते 72 टक्के सापेक्ष आर्द्रतेत चांगली राहते. हवा त्याहून कोरडी असेल तर बाहेरचे पान तडकते आणि तंबाखूतील सुगंधी तेले उडून जातात. आर्द्रता दीर्घकाळ 75 टक्क्यांच्या वर राहिली तर बुरशी धरते. थंड आणि कोरड्या प्रदेशांत पेटीने आतली ओल टिकवून धरणे एवढेच अपेक्षित असते. आपल्याकडे मात्र खाडीकाठच्या या शहरात जुलै-ऑगस्टमध्ये बाहेरची आर्द्रता अनेकदा 85 टक्क्यांच्या वर असते आणि जानेवारीतील दुपारी ती पुष्कळ खाली येते, त्यामुळे एकाच पेटीला सहा महिने ओल बाहेर ठेवावी लागते आणि उरलेल्या काळात ती आत जपावी लागते. परदेशी बनावटीच्या तयार पेट्या येथे निराशा करतात, त्याचे मुख्य कारण हेच असावे असे माझे मत आहे.

पेटीचे बाहेरचे माप 30 × 22 × 13 सेंटिमीटर आहे. चारही बाजू 12 मिलिमीटर जाडीच्या सागाच्या असून तो साग जुन्या इमारतीच्या तुळईतून काढलेला आहे. अनेक दशके छपराखाली मुरलेल्या लाकडाने आपली हालचाल बरीचशी उरकून घेतलेली असते, त्यामुळे नव्या सागापेक्षा हा साग मिस्त्रींना अधिक भरवशाचा वाटतो. प्रथम सहाही बाजूंनी बंद असा ठोकळा जोडायचा आणि नंतर करवतीने झाकणाचा भाग त्यापासून वेगळा करायचा, अशी त्यांची पद्धत आहे. त्यामुळे झाकण आणि पेटी यांच्यावरील लाकडाच्या रेषा सलग जुळतात आणि दोघांचे मापही तंतोतंत एक राहते. कोपरे 45 अंशांत कापून जोडलेले आहेत. असा सांधा दिसायला देखणा, पण आडव्या कापावर सरस फारसा धरत नसल्याने एकटा कमकुवत असतो. म्हणून प्रत्येक कोपऱ्यात तिरक्या खाचा घेऊन त्यांत शिसवीच्या पातळ पट्ट्या बसवल्या आहेत. फिकट सागावर त्या काळसर रेघा शोभतातही, आणि सांध्याला खरा आधारही त्यांचाच आहे. नखाने चाचपून पाहिले तरी पट्टी आणि साग यांच्यामध्ये फट लागत नाही. पटाशी आणि बारीक करवत यांच्यावर इतका हात बसलेला माणूस आज कमीच भेटतो.

झाकणाचा वरचा भाग घन शिसवीचा नाही, हे आवर्जून सांगितले पाहिजे. आत मरीन प्लायवूड असून त्याच्या वर आणि खाली, दोन्ही बाजूंना, शिसवीचे व्हिनिअर, म्हणजे लाकडाचा पातळ पापुद्रा, चढवलेले आहे. घन लाकडाचा आग्रह धरणाऱ्यांना हे खटकेल, पण मला हा निर्णय पूर्णपणे पटतो. लाकूड रेषेच्या दिशेने जवळजवळ हलत नाही, मात्र आडव्या दिशेने ओलीबरोबर फुगते आणि आकसते. बावीस सेंटिमीटर रुंदीची सागाची फळीसुद्धा ऋतू बदलताना दीड-दोन मिलिमीटरने सहज बदलते. एवढ्या हालचालीत झाकण वाकले की हवाबंदपणा संपलाच. व्हिनिअर एकाच बाजूला लावले तरी झाकण धनुष्यासारखे वाकते, म्हणून जी बाजू कोणाला दिसणार नाही तिलाही तेवढेच चांगले व्हिनिअर दिलेले आहे. एकाच ओंडक्यातून निघालेले लागोपाठचे दोन काप उघड्या पुस्तकाच्या पानांसारखे शेजारी ठेवून वरचा नमुना जुळवला आहे, आणि त्यातील जांभळट-तपकिरी रेषा मधल्या सांध्यावर जिथे एकत्र येतात ती जागा या पेटीतील सर्वांत सुंदर जागा आहे.

आतील अस्तरासाठी जगभर स्पॅनिश सीडर वापरतात. क्यूबातील सिगारची खोकीही परंपरेने त्याच लाकडाची असतात. ते महोगनीच्या आणि आपल्या कडुनिंबाच्या कुळातील झाड आहे. त्याचे लाकूड हलके असते, ओल पटकन शोषून सावकाश सोडते आणि त्याचा वास तंबाखूला मारक ठरत नाही. अमेरिका खंडातील त्याच्या जाती 2020 पासून साइट्स या, वन्य प्राणी व वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात असल्यामुळे व्यापाराला कागदपत्रांची अट लागली आहे. मिस्त्री त्याऐवजी तूण वापरतात. तूण हे सीडरचे इतके जवळचे नातलग आहे की जुन्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी त्याला त्याच प्रजातीत ठेवले होते, आणि भारतात चहाच्या पेट्या व सिगारची खोकी करण्यासाठी त्याचा वापर पूर्वीपासून होत आला आहे. माझ्या पेटीतील सहा मिलिमीटर जाडीचे तूणाचे अस्तर सरस न लावता केवळ घट्ट बसवलेले आहे, त्याला पॉलिशचा हातही लागलेला नाही, आणि या दोन्ही गोष्टी बरोबर आहेत. सुवासिक म्हणून देवदार वापरण्याचा सल्ला काही जण देतात; तो कृपया मानू नये, कारण त्याचा तीव्र वास सिगारमध्ये उतरतो आणि मग जात नाही.

हे अस्तर पेटीच्या कडेपेक्षा सुमारे चार मिलिमीटर वर आलेले असून झाकण लावताना ते झाकणाच्या आत शिरते. झाकण हातातून सोडले की ते आदळत नाही, आतली हवा बाहेर पडेल तसतसे हळूहळू खाली बसते. अंधाऱ्या खोलीत पेटीत विजेरी लावून ठेवली, तेव्हा कुठूनही प्रकाशाची रेघ दिसली नाही. दुहेरी काम करणारी, म्हणजे गरजेप्रमाणे ओल देणारी आणि शोषणारी, 69 टक्क्यांची पुडी आत ठेवली की वर्षभर आतील आर्द्रता 67 ते 71 च्या दरम्यान राहिली. भर पावसाळ्यातही ती 72 च्या वर गेली नाही. या किमतीच्या पेटीकडून मी याहून अधिक काही मागणार नाही.

आता उणिवा. झाकणाच्या आतल्या बाजूला बसवून दिलेला काट्याचा आर्द्रतामापक निरुपयोगी आहे. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन त्यात पाण्याचे काही थेंब टाकायचे आणि ते मापकासह हवाबंद पिशवीत दिवसभर ठेवायचे. मापक बरोबर असेल तर त्याने 75 टक्के दाखवले पाहिजेत. याने 66 च्या आसपास दाखवले. त्यावर विसंबून एखाद्याने पेटीत आणखी पाणी ठेवले असते, तर सिगारला बुरशी लागली असती. मापक बाजारातून आणलेला आहे, मिस्त्रींनी घडवलेला नाही, हे मान्य. तरी इतक्या जपून केलेल्या पेटीत तो तपासून बसवायला हवा होता. मी तो काढून लहान डिजिटल मापक ठेवला आहे. झाकणाच्या कडेने बसवलेली पितळी तारेची किनारही एप्रिलमध्ये एका कोपऱ्यात किंचित वर आली. ती त्यांनी विनातक्रार आणि विनामोबदला पुन्हा बसवून दिली, पण धातू आणि लाकूड यांची हालचाल कधीच सारखी नसल्याने हा प्रश्न पुन्हा उद्भवेल अशी मला शंका आहे. पुन्हा पेटी करून घेतली, तर मी पितळेऐवजी अंदमानच्या पडौक लाकडाची लाल किनार मागेन.

वेळेच्या बाबतीत तक्रार करावी असे मला वाटत नाही, जरी पेटी मिळायला अपेक्षेपेक्षा बराच उशीर झाला. बाहेरून चपड्याचे, म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचे, फ्रेंच पॉलिश आहे, आणि ते कापडाच्या पोटलीने एकावर एक अनेक पातळ हात देऊन चढवावे लागते. दमट हवेत स्पिरिट उडताना पृष्ठभाग थंड होतो, त्यावर हवेतील ओल धरते आणि पॉलिशवर पांढुरका पडदा येतो. "साहेब, पावसात चपडा पांढरा पडतो, दसऱ्यानंतरच हात लावणार," असे त्यांनी मला सुरुवातीलाच स्पष्ट सांगितले होते, आणि तो शब्द त्यांनी पाळला. मेलामाइन किंवा पीयू (पॉलियुरेथेन) या रासायनिक पॉलिशचा फवारा मारून त्यांना पेटी चार दिवसांत देता आली असती. चपड्याने शिसवीला जी खोली येते ती त्या फवाऱ्याने येत नाही. मात्र चपड्यावर ओला ग्लास ठेवू नये, कारण पांढरा डाग पडतो.

पेटी कितीही चांगली असली तरी ती तापमान कमी करू शकत नाही. तंबाखूतील किड्याची अंडी उष्णतेत उबतात, आणि ठाण्यातला मे महिना त्यांना अनुकूल असतो. म्हणून पेटी वातानुकूलित खोलीतच ठेवावी, आणि नवीन सिगार आत ठेवण्यापूर्वी त्या काही दिवस फ्रीझरमध्ये व नंतर एक दिवस फ्रिजमध्ये ठेवाव्यात. ज्यांना ही पेटी घड्याळे किंवा जुनी छायाचित्रे ठेवण्यासाठी हवी आहे त्यांनी तूणाचे अस्तर घेऊ नये; या जातीच्या लाकडातून कधीकधी चिकट राळ पाझरते.

मला पेटीचे साडेअठरा हजार रुपये पडले. कारखान्यात तयार झालेली पेटी याच्या निम्म्या किमतीत मिळते, परंतु तिच्या अस्तराचे लाकूड बहुधा कागदासारखे पातळ असते. मागणी देताना आपण कोणत्या आकाराच्या सिगार ठेवणार हे मिस्त्रींना आधी सांगावे. रोबुस्तो सुमारे 124 मिलिमीटर लांब असते, तर चर्चिल 178 मिलिमीटर, आणि आतील तबकाचे कप्पे त्यानुसारच पाडावे लागतात. पेटी पावसाआधी हवी असेल तर मागणी संक्रांतीच्या सुमारास नोंदवावी, म्हणजे पॉलिशचे काम मे संपण्यापूर्वी पूर्ण होते.