बिल नव्या चेंबरचं, भोकात मात्र एम-सील

बिलावर चार ओळी होत्या: ऑइल चेंबर असेंब्ली (इंजिनच्या तळाचं, ऑइल साठवणारं भांडं), सीलंट, इंजिन ऑइल, मजुरी. बेरीज ११,४६० रुपये. पार्ट नंबर नाही, जीएसटी क्रमांक नाही. जुना चेंबर मागितला तर “भंगारवाला घेऊन गेला” हे उत्तर.

सात-आठ महिन्यांनी तीच गाडी ऑइल बदलायला दुसऱ्या गॅरेजात रॅम्पवर चढली, तेव्हा चेंबर जुनाच निघाला. स्पीडब्रेकरला घासल्याचा ओरखडा जिथल्या तिथे, कडेच्या बोल्टांवर वर्षानुवर्षांची माती आणि ऑइलचा थर, एकालाही पाना लागल्याची खूण नाही. ऑइल काढायच्या ड्रेन नटाभोवती तेवढा लाडवाएवढा राखाडी गोळा, वरून काळा स्प्रे मारलेला. छिन्नीने तो एम-सील उडवल्यावर नट सोडायला पाना लागलाच नाही, दोन बोटांनी ओढून बाहेर आला. त्यावर टेफ्लॉन टेपचे सहा-सात वेढे होते आणि टेपखाली, आट्यांच्या खाचांत, ॲल्युमिनियमची बारीक तार स्प्रिंगसारखी गुंडाळलेली. ती तार म्हणजे चेंबरचे आटे. ते नटाबरोबर सोलून बाहेर आले होते आणि ही गोष्ट पहिल्या गॅरेजला पक्की ठाऊक होती.

असा जुगाड महिनोन्‌महिने टिकतो, कारण चेंबरमध्ये प्रेशर नसतं. प्रेशर असतं ते ऑइल पंपाच्या पुढे, बेअरिंगकडे जाणाऱ्या वाटांमध्ये. नटावर फक्त तीन-चार लिटर ऑइलचं वजन येतं, तेवढं गोळाही पेलतो. गाडी ठिपका न सांडता घरी जाते आणि मालक खूश होतो. पण ऑइल रोज ९०-१०० अंशांपर्यंत तापतं, निवतं. ॲल्युमिनियम स्टीलच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं, आणि ऑइल लागलेल्या धातूला एम-सील मुळात नीट चिकटतच नाही. हायवेवर नट गळून पडला तर चेंबर बघता बघता रिकामा होतो, ऑइलचा लाल दिवा लागतो, आणि तो दिसून गाडी बाजूला घेईपर्यंत बेअरिंग गेलेले असू शकतात. मग प्रश्न चेंबरचा राहत नाही, इंजिनचा होतो.

आटे जातात कसे ते कळलं की थाप कुठे मारली जाते तेही कळतं. ज्याला सगळे ड्रेन नट किंवा चेंबर नट म्हणतात तो खरं तर बोल्ट. तो स्टीलचा, आणि ओतीव चेंबर ॲल्युमिनियमचा, म्हणजे झुंज लागली की मऊ बाजू हरणार. होंडाच्या बऱ्याच पेट्रोल इंजिनांना १४ मिमी व्यासाचा, दीड मिमी पिचचा (पिच म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर) नट येतो, डोकं १७ नंबर पान्याचं आणि टॉर्क, म्हणजे आवळायचा पीळ, साधारण ४० न्यूटन-मीटर. टोयोटाच्या बऱ्याच गाड्यांना १२ मिमी, सव्वा पिच. आपल्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये बघावा. ४० न्यूटन-मीटर म्हणजे किती? वीस सेंटीमीटरच्या पान्यावर वीस किलोचा जोर, एका हाताने होणारं काम. त्याच पान्यात पाइप घालून लांबी साठ केली की त्याच जोराचे १२० होतात. हवेची गन लावली तर हिशेबच सोडा.

शिवाय वॉशर. तो दाबला जाऊन सील करतो, म्हणून एकदाच वापरायचा. वीस-तीस रुपये वाचवायला जुनाच लावला की थेंब गळतो, थेंब दिसला की पोरगा अजून एक पीळ देतो. दोन-तीन सर्व्हिसमध्ये आटे ताणले जातात आणि एक दिवस नट नुसता फिरायला लागतो.

खेळ नेमका या क्षणी सुरू होतो. ऑइल काढून झालेलं, गाडी रॅम्पवर, चालवून कुठे नेता येत नाही. “साहेब, आधीच्या माणसाने आटे मारलेत, चेंबरच बदलावा लागेल.” यातला पहिला अर्धा भाग कधीकधी खराही असतो. आधीच्याने ताणलेले आटे पुढच्याच्या हातात तुटतात, आणि प्रामाणिक मेकॅनिकवर उगाच आळ येतो. तेव्हा एवढं विचारा: आटे सोडताना गेले की आवळताना? सोडताना नट जागच्या जागी गरगर फिरला, खाली उतरलाच नाही, तर नुकसान जुनं असण्याची शक्यता मोठी. नीट सुटला, ऑइल निथळलं आणि परत लावताना फ्री झाला, तर ज्याच्या हातात पाना होता त्याला जबाबदारी झटकता येणार नाही. तारही पाहा. चकचकीत असेल तर नुकतीच निघालेली. काळपट, गाळ धरलेली, सोबत टेपचे तुकडे, म्हणजे आधी कोणीतरी हात मारून गेलंय.

दुसरा अर्धा भाग मात्र बहुतेक वेळा खोटा. आटे गेले म्हणून चेंबर टाकून द्यावा लागत नाही. भोकाभोवतीचा जाड भाग, ज्याला बॉस म्हणतात, तो तडकला असेल तर गोष्ट वेगळी.

काही चेंबरमध्ये बॉस खोल असतो आणि मूळ नट त्यातले पुढचेच आटे वापरतो. तिथे मूळच्यापेक्षा चार-पाच मिमी जास्त लांब नट आतले कोरे आटे पकडतो आणि काम शंभर-दोनशे रुपयांत भागतं. आत कशाला टेकत नाही ना, हे आधी हाताने फिरवून बघायचं. मागचे आटेही गेले असतील तर भोक साडेचौदाने बोअर करून १६ बाय दीडचा टॅप (आटे पाडायचं हत्यार) मारायचा आणि १६ चा नट लावायचा. कुठल्याही लेथवाल्याकडे होणारं, वर्षानुवर्षं टिकणारं काम. बॉसची भिंत पुरेशी जाड उरते की नाही एवढं आधी मोजावं.

मूळ मापाचाच नट हवा असेल तर हेलिकॉइल, म्हणजे मोठ्या केलेल्या भोकात बसवायची, नव्या आट्यांचं काम करणारी तारेची कॉइल. याला वेगळा टॅप लागतो, ड्रिलचं माप किटवर लिहिलेलं असतं, १४ च्या नटाला साधारण साडेचौदा. स्टेनलेसची कॉइल पृष्ठभागाच्या पाव ते अर्धा वेढा आत बसवायची, मग टोकाची शेपटी तोडून बाहेर काढायची. ती चेंबरमध्ये पडू द्यायची नाही. एक गोष्ट फार जण विसरतात. हेलिकॉइलसाठी टॅप मारल्यावर भोक जवळपास १६ मिमीपर्यंत मोठं झालेलं असतं, म्हणजे वॉशरला टेकायला मूळच्यापेक्षा कमी जागा उरते. २० मिमी बाहेरच्या व्यासाचा वॉशर असेल तर चहूबाजूंनी जेमतेम दोन मिमीची कडी. तिथे ओरखडा असला तर ऑइल कॉइलच्या मागून झिरपत येतं. वॉशर २२ चा घ्यावा आणि टेकायची जागा तासून सपाट करावी. हेलिकॉइल पुढे उखडलंच तरी घाबरायचं कारण नाही, ते भोक १६ बाय दीडच्या इतकं जवळ असतं की टॅप फिरवून १६ चा नट बसतो.

पत्र्याच्या चेंबरची तऱ्हा वेगळी. त्यात आटे असतात ते आतून वेल्ड केलेल्या नटात. चेंबर उतरवून तो कापायचा, नवा वेल्ड करायचा, पाणी भरून गळती तपासायची. इथे हेलिकॉइलचे पैसे मागितले तर कुठल्या धातूत बसवणार, हे विचारून बघा.

वाईट इलाज म्हणजे स्वतःच आटे कापत जाणारा ओव्हरसाइझ नट. पाच मिनिटांत बसतो, म्हणून गॅरेजला लाडका. वाकडा शिरतो, धातूचा कीस आत पाडतो, बॉसला चीर देतो, आणि दर ऑइल बदलाला पुन्हा तेच आटे खरवडतो. रात्री वाटेत अडकलात तर घरी पोचण्यापुरता ठीक आहे. हेलिकॉइल म्हणून याचंच बिल लावलेलं असणं ही दुसरी नेहमीची फसवणूक. ओळखणं सोपं आहे: पुढच्या सर्व्हिसला नट निघाला की भोकात टॉर्च मारा. खऱ्या हेलिकॉइलची स्टेनलेसची चमक ॲल्युमिनियमपेक्षा वेगळी दिसते आणि कॉइलचं टोक नजरेला पडतं. नट व्हर्नियरने मोजा. १४ चा असेल तर आट्यांवर १४ च्या किंचित आत भरतो. त्याहून ठळक जास्त भरला तर हेलिकॉइल झालेलंच नाही.

किसाबद्दल कोणी बोलत नाही. शक्य असेल तर चेंबर उतरवूनच बोअर करावा. गाडीवरच करायचं झालं तर ड्रिल आणि टॅपला भरपूर ग्रीस फासायचं, दर दोन-तीन वेढ्यांनी बाहेर काढून पुसायचं, शेवटी वरून अर्धा-एक लिटर स्वस्त ऑइल ओतून भोकातून वाहू द्यायचं. पंपाच्या तोंडाशी असलेली स्ट्रेनरची जाळी मोठा तुकडा अडवते, बारीक कीस पंपातून जातो. फिल्टर लागतो तो पंपाच्या नंतर.

चेंबर खरोखरच बदलला असेल तर तो लपत नाही. कडेने ताज्या सीलंटची रेघ बाहेर आलेली दिसते. प्रत्येक बोल्टच्या डोक्यावर पान्याची खूण असते. ओतीव ॲल्युमिनियम महिनाभर तरी उजळ राहतं. बऱ्याच इंजिनांना इथे गॅस्केट नसतं, नुसता द्रव सीलंट असतो. दोन्ही कडा खरवडायच्या, ऑइलचा अंश पुसायचा, सीलंट सुकू द्यायचा, कित्येक गाड्यांत सायलेन्सरचा पाइपही सोडायचा. “चहा पिऊन या, चेंबर बदलून ठेवतो” असं कोणी म्हणालं तर चहा तिथेच बसून प्या.

जुना भाग मागायचा तो कामाआधी, कामानंतर नाही. नट परत लावताना समोर उभं राहा: पहिले तीन-चार वेढे बोटांनी गेले पाहिजेत, पाना त्यानंतर. बोटांनी जात नसेल तर आटे वाकडे धरलेत. आणि पुढच्या वेळी कोणी ऑइल नटातून न काढता डिपस्टिकच्या नळीतून मशीनने ओढतो म्हणाला, तर कारण विचारा. पद्धत चुकीची नाही, पण ज्याने नट चिकटवून ठेवलाय त्याला ती फार सोयीची पडते.

वर सांगितलेल्या गाडीच्या मालकाने एक शहाणपणा केला. नटाला हात लावण्याआधी फोटो काढले, ओडोमीटरसकट, आणि दुसऱ्या गॅरेजकडून काय सापडलं ते लेटरहेडवर लिहून घेतलं. आधीच्या बिलावर, कच्चं असलं तरी, ‘चेंबर असेंब्ली’ हे शब्द होते. ते नसते तर भांडायला काही उरलं नसतं, म्हणून बिलावर कामाचं नाव लिहून घ्याच. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं हीदेखील अनुचित व्यापारी प्रथा आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला फी नाही, मुदत दोन वर्षं.

आयोगापर्यंत जावं लागलं नाही. फोटो आणि ते पत्र पाहून पहिल्या गॅरेजने चेंबरचे पैसे परत दिले, मजुरी मात्र दाबली. चेंबर उतरवून १६ चे आटे पाडायला, नट-वॉशरसकट, लेथवाल्याने ९०० रुपये घेतले.