मुंबई-पुणे एक्स्प्रेस वे: रस्त्याला साडेचार तारे, उजव्या लेनला एक

लोक मिक्सरचा रिव्ह्यू लिहितात, मिसळीचा लिहितात. मी कारचा 320 रुपये टोल भरतो, तर रस्त्याचा का लिहू नये? माझी उभी नोकरी एसटीचं स्टिअरिंग फिरवण्यात गेली. आता निवृत्त आहे. लेक खारघरला असते, त्यामुळे नातवाला बघायला चिंचवडहून आमची वॅगन आर घेऊन या रस्त्याने सारखं जाणं-येणं असतं.

आधी रस्त्याचं बोलतो, कारण त्यावर फारशी तक्रार नाही. पुण्याजवळचं किवळे ते पनवेलजवळचं कळंबोली, 94.5 किलोमीटर. मध्ये सिग्नल नाही, चौक नाही. दुचाकी, रिक्षा, ट्रॅक्टर यांना बंदी. 2002 साली हा पूर्ण सुरू झाला त्याआधी बोरघाटात पुढे एक भरलेला ट्रक लागला की मागे आख्खी वरात. प्रवासी पाठीमागून विचारणार, ‘ड्रायव्हरसाहेब, दादरला किती वाजतील?’ काय सांगणार? ते त्या ट्रकवाल्याला माहीत. एक्स्प्रेस वेने आम्हाला दिलं काय, तर एका बाजूला तीन-तीन लेन. 320 रुपये मी काँक्रीटचे देत नाही, त्या तिसऱ्या लेनचे देतो.

आणि नेमकी तीच मिळत नाही.

नियम फलकांवर जागोजाग लिहिलेला आहे. डावी लेन जड वाहनांना, मधली कारला, उजवी ओव्हरटेकपुरती. पुढच्याला ओलांडलं की परत मध्ये यायचं. इतकं सोपं आहे. पण उर्से टोलनाका सुटला की बघा, एक लांबरुंद पांढरी गाडी सरळ उजवीकडे जाते आणि तिथेच संसार थाटते. वेग सत्तर. मधली लेन मोकळी, डावीकडे तुरळक ट्रक, आणि साहेब उजव्या कडेला दुभाजकाला चिकटून, एका हातात मोबाइल. मी अंतर ठेवून मागे राहतो, एकदा डिपर देतो, म्हणजे हेडलाइटची उघडझाप करतो. काही नाही. मिनिटाभराने पुन्हा एकदा देतो. आता ते आरशात बघतात आणि वेग आणखी पाचने कमी करतात! आमची मंडळी म्हणते, ‘अहो, जाऊ द्या ना, त्यांना काय घाई नाही.’ घाई मलाही नाही, निवृत्त माणसाला कसली घाई. हिशेब केला तर शंभरने हे सगळं अंतर सत्तावन्न मिनिटांत होतं आणि ऐंशीने एकाहत्तर मिनिटांत, तेही घाट धरलाच नाही तर. चौदा मिनिटांनी नातू काही मोठा होत नाही.

मला राग वेगळ्याच गोष्टीचा येतो. या साहेबांमागे पाच गाड्या साठतात. त्यातला एक पोरगा कंटाळतो, डावीकडून कट मारून मधल्या लेनमधून पुढे घुसतो, तिथे ट्रक दिसला की परत उजवीकडे. त्याच्यामागून दुसरा. शंभरच्या वेगात गाडी सेकंदाला साधारण अठ्ठावीस मीटर पुढे जाते, आणि ट्रकच्या डाव्या अंगाला कोण आलंय ते उंच केबिनमध्ये उजवीकडे बसलेल्या ड्रायव्हरला पटकन दिसत नाही. हे मी त्या जागी बसून बघितलेलं आहे. काही झालं तर दोष कट मारणाऱ्या पोराला लागणार, आणि तो लागायलाही हवा. पण ज्यांच्यामुळे हे सगळं नाचायला लागलं ते साहेब सत्तरने तसेच पुढे गेलेले असतात, गाडीला ओरखडासुद्धा नाही.

एकदा फूड मॉलवर असाच एक गृहस्थ शेजारी चहा घेत होता. मी नीटच विचारलं, ‘साहेब, मधली मोकळी होती, उजवीकडे का?’ म्हणाला, ‘काका, लिमिट शंभर आहे, मी ऐंशीने चाललोय. मी नियमात आहे.’ घ्या! वेगाचा नियम पाळला म्हणून लेनचा माफ होतो का? ऐंशीने खुशाल चालवा, साठने चालवा, तुमची गाडी, तुमचं डिझेल. फक्त मधल्या लेनमध्ये चालवा. बऱ्याच जणांना वाटतं की उजवी लेन सुरक्षित, एका बाजूला दुभाजक आहे, तिथून कुणी येणार नाही. भीती समजते. पण मग मागून येणाऱ्याने जायचं कुठून?

ट्रकवाल्यांना मात्र उगाच शिव्या पडतात. माल भरलेला ट्रक घाट दुसऱ्या गिअरवरच चढणार, त्याला इलाज नाही. जुना ड्रायव्हर असेल तर डिपर दिल्यावर इंडिकेटर दाखवून साइडही देतो. त्यांच्यातला वैताग एकच. एक ट्रक दुसऱ्याला ओलांडायला मधल्या लेनमध्ये येतो, दोघांच्या वेगात फरक जेमतेम, आणि बोरघाटाच्या चढाला हा सोहळा दोन-दोन वळणं चालतो. त्यात घाटात काही अंतर जुना महामार्ग आणि हा रस्ता एकच होतात, म्हणजे जुन्या रस्त्याची सगळी गर्दीही तिथेच येऊन मिळते. शनिवारी सकाळी लोणावळ्याला निघालेली मुंबई त्यावर. घाटात कारला साठची मर्यादा आहे, पण त्या सकाळी साठचा आकडा फक्त पाटीवर बघायला मिळतो.

पावसाळ्यात आणखी एक जात उगवते. सर पडली की चारही इंडिकेटर लावून चालणारे. अहो, गाडी चालू आहे की बंद पडलीय? वळणार आहात की नाही? मागच्याला काय समजायचं? हेडलाइट लावा, वेग कमी करा, डावीकडे सरका, झालं. आणि खंडाळ्याला धबधबा दिसला म्हणून शोल्डरवर, म्हणजे रस्त्याच्या कडेच्या मोकळ्या पट्टीवर, गाडी लावून फोटो काढणाऱ्यांबद्दल मी लिहीत नाही, बीपी वाढतं.

2024 पासून वर गॅन्ट्रीवर, म्हणजे रस्त्यावरच्या आडव्या लोखंडी कमानीवर, कॅमेरे लागलेत. वेगवाल्यांना जरब बसली, हे चांगलं झालं. पण कॅमेरा दिसला की नव्वदवरून सत्तरवर करकचून ब्रेक मारणारे नवीन तयार झाले. मर्यादा शंभरची असताना! त्यामुळे गॅन्ट्रीखाली मी आता पुढच्यापासून जास्तच अंतर ठेवतो.

बाकी किरकोळ. फूड मॉलवर चहा महाग, वडा बरा, शनिवार-रविवारी पार्किंगला जागा मिळायची मारामार. बोगद्यांत उजेड ठीक. फास्टॅग आल्यापासून टोलनाक्यावर सुट्ट्या पैशांची कटकट गेली.

जाणार असाल तर आठवड्याच्या मधल्या दिवशी पहाटे साडेपाचला किवळे सोडा, उजवी लेन तेव्हा खरंच ओव्हरटेकची असते. उशीर झाला आणि पुढे कुणी ठाण मांडून बसलेला भेटला, तर एकदा डिपर द्या आणि थांबा. चार वेळा दिलात तर तो मुद्दाम हलत नाही. मागे चिकटू नका, तीन सेकंदांचं अंतर राहू द्या. मग भले त्या अंतरात तिसराच कुणीतरी घुसेल. घुसतोच.